लोकमत कोण घडवितो?



ह्या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा ते नम्रपणे परत करावे असेच माझ्या मनात आले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर विद्वानांनी बोलावयाचे आणि आमच्यासारख्यांनी सतरंज्या उचलावयाच्या अशी वहिवाट आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे वाचन झाले ते बाजार समितीच्या आवारात, दोन गाड्या खाली करण्याच्या मधल्या वेळात, आणि तेही पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीवर. मात्र ह्या रद्दीने माझ्यावर एक उपकार केला. ताज्या वर्तमानपत्रात आश्वासन वाचावयास मिळते. शिळे वर्तमानपत्र हाती येईपर्यंत त्या आश्वासनाचे काय झाले हे आपल्याला ठाऊक झालेले असते. त्यामुळे छापलेल्या मजकुरावर लगेच मान डोलवायची नाही, ही सवय मला फार लवकर लागली.

आजचा विषय त्या सवयीतूनच आलेला आहे. आपण म्हणतो, लोकशाहीत लोकमत श्रेष्ठ. हे लोकमत आपल्या डोक्यात येते कोठून? त्याच्या दारावर कोण उभा असतो? आणि राज्य कोणी कोणाशी हातमिळवणी करून चालवावयाचे हे ठरते, तेव्हा आपण कोठे असतो? ह्या प्रश्नांचा हमालाच्या जागेवरून विचार करावा, एवढीच माझी मर्यादित इच्छा आहे.

बाजार समितीच्या फाटकावर एक माणूस बसलेला असतो. कोणती गाडी आधी आत घ्यायची, कोणती रात्रभर बाहेर ठेवायची हे त्याच्या हाती असते. तो मालाचा भाव ठरवीत नाही. परंतु ज्याची गाडी हर्रास आटोपल्यावर आत येते, त्याचा भाव ठरूनच गेलेला असतो. वर्तमानपत्रालाही असेच फाटक असते. डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने एका लहान शहरातील दैनिकाच्या एका संपादकाचे आठवडाभराचे काम तपासले आणि १९५० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. तारेने आलेल्या मजकुरापैकी सुमारे नऊ-दशांश मजकूर त्या गृहस्थाने बाजूला टाकला होता. त्यात लबाडी नव्हती. जागा थोडी आणि मजकूर फार, तेव्हा निवड करावीच लागे. पण निवडीची बरीच कारणे त्याच्या स्वतःच्या आवडीनिवडीची होती, आणि त्या गावाने जग पाहिले ते तेवढ्याच फटीतून. खोटी बातमी कधी ना कधी पकडली जाते. जी बातमी आतच आली नाही, तिच्याविरुद्ध तक्रार तरी कोण करणार?

हे मला पुस्तकाने पुढे शिकविले. आधी शिकविले ते एका संपाने.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाजारात आम्ही हमालीचे दर वाढवून मागितले होते. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता. थप्पी कोसळून आमचा एक माणूस कंबरेत मोडला होता, आणि त्याच्या औषधपाण्याचा खर्च कोणी द्यावा हाही प्रश्न होता. आम्ही काम बंद केले. मी माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात दोन पाने लिहिली आणि एका वार्ताहराकडे नेऊन दिली. तो भला माणूस होता. म्हणाला, "बापू, मी पाठवतो. पण वरती काय करतील ते माझ्या हाती नाही." दुसऱ्या दिवशी बातमी आली, ती अशी की हमालांनी ऐन हंगामात शेतकऱ्यांना वेठीस धरले आहे. दर, थप्पी आणि मोडलेली कंबर ह्यांपैकी एका अक्षराचाही पत्ता नव्हता. त्याच पानावर खाली व्यापाऱ्यांचे निवेदन होते, चौकटीत, जाहिरात म्हणून, पैसे भरून दिलेले.

बातमीत खोटे काय होते? काहीच नाही. शेतकऱ्यांचे हाल होतच होते. त्या दिवशी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांत माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची गाडी होती. तीन एकराचा धनी. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काहून रे, तुमच्यापायी माल भिजून राह्यला आमचा. पेपरात आलं ना सारं." आणि त्याने तोंड फिरविले. एका आईच्या पोटच्या दोघांत ती चार ओळींची बातमी येऊन उभी राहिली होती.

त्या रात्री आम्ही एक फळा मिळवला. त्यावर खडूने लिहिले: एका पोत्यामागे आम्हांला काय मिळते, शेतकऱ्याच्या पट्टीतून हमालीच्या नावाने काय कापले जाते, आणि मधली रक्कम कोठे जाते. फळा फाटकाबाहेर टेकवला. रोज सकाळी मी तो मोठ्याने वाचू लागलो, कारण गाडीवाल्यांपैकी अनेकांना वाचावयास वेळ नव्हता आणि काहींना वाचता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी शेतकरी आपापल्या पट्ट्या खिशातून काढून आमच्या आकड्यांशी ताडून पाहू लागले. आणखी पाच-सहा दिवसांनी भाऊ भाकरीचे फडके घेऊन आला. बोलला काही नाही. तडजोड झाली, मागणीच्या निम्मीच झाली. पण फाटक दुसऱ्याचे असले तरी फाटकाबाहेरची जमीन आपली असते, हे त्या फळ्याने आम्हांला शिकविले.

पुढे मला कळले की हा शोध काही माझा नव्हे. सत्यशोधकांचे म्हणणे छापावयास जागा मिळत नव्हती, म्हणून कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी तो मुंबईत चालविण्यास घेतला, आणि १८८४ साली त्यांनीच गिरणी कामगारांची संघटना उभी केली. म्हणजे आपल्या देशातील कामगार चळवळीचा आद्य पुढारी हा एका वृत्तपत्राचा संपादक होता. १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती ह्या दुहेरी कामातून. एकीकडे सभा आणि अर्ज, दुसरीकडे आपले पत्र. ह्याच मंडळींचे आणखी एक वागणे मला फार मोलाचे वाटते. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर ह्यांच्यावर खटला झाला, तेव्हा जोतीरावांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे ह्यांनी जामीन दिला. १८८२ मध्ये दोघे एकशे एक दिवसांची शिक्षा भोगून बाहेर आले, तेव्हा सत्यशोधकांनी त्यांचे स्वागत केले. मतभेद तीव्र होते. तथापि विरोधकाचे तोंड बंद व्हावे असे त्यांना वाटले नाही.

ह्या औदार्याची परतफेड मात्र सर्वांनाच मिळाली नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला. त्याची जाहिरात, रीतसर पैसे देऊनही, 'केसरी'ने घेतली नाही. देशाचे स्वातंत्र्य मागणारे पत्र, आणि त्याच्याच फाटकाबाहेर देशाचा एवढा मोठा समाज उभा! जो स्वतः अन्यायाविरुद्ध लढतो, त्याच्या हातीही दुसऱ्यासाठी कुलूप असू शकते. हे कामगार संघटनांनीही विसरू नये. आमच्या मोर्च्याच्या पत्रकांत झाडूवाल्या बायांच्या मागण्या किती वर्षे शेवटच्या ओळीत राहिल्या, हे मी जाणतो.

आता दुसऱ्या दाराकडे वळू. ते आहे वाटाघाटीच्या खोलीचे.

आपले वाशीम १ जुलै १९९८ रोजी जिल्हा झाले. त्यापूर्वी आपण अकोल्यात होतो, आणि वऱ्हाडच्या भवितव्याचे सौदे बरेचसे त्याच अकोल्यात झाले. ८ ऑगस्ट १९४७ चा अकोला करार घ्या. एक मराठी प्रांत व्हावा, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, त्यांची विधिमंडळे आणि मंत्रिमंडळे निराळी असावीत, असे त्यात ठरले होते. पुढे २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात निराळे विधिमंडळ गेले. त्याच्या जागी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा आणि वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, अशी आश्वासने आली. १९५५ साली फाजल अली आयोगाने तर विदर्भाचे स्वतंत्र राज्यच सुचविले. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला प्रत्यक्षात आपण गेलो गुजरातसह द्विभाषिक मुंबई राज्यात. नऊ वर्षांत चार आराखडे! ह्या चारांपैकी एक तरी आराखडा मंगरूळपीरच्या बाजारात किंवा रिसोडच्या पारावर कलमवार वाचून दाखवून कोणी विचारले असेल काय, की बाबांनो, हे तुम्हांला मान्य आहे काय? माझ्या आजोबांना अकोला करार झाल्याचे कळले ते करार मोडल्यावर.

त्या काळी नेता आणि पत्र हे बहुधा एकाच घरात असत. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे वऱ्हाडचे मोठे पुढारी, आणि 'मातृभूमी' हे पत्रही त्यांचेच. मुंबईत आचार्य अत्रे संयुक्त महाराष्ट्र समितीचे सेनानी, आणि १५ नोव्हेंबर १९५६ पासून निघालेला 'मराठा' हा त्यांचा तोफखाना. पुढे १९७१ साली नागपुरात 'लोकमत' दैनिक काढणारे यवतमाळचे जवाहरलाल दर्डा राज्यात मंत्रीही होते. १९८८ मध्ये 'सामना' निघाला तो शिवसेनेचा आवाज म्हणूनच. मी ह्याला पाप म्हणत नाही. जे उघड आहे त्याने वाचक फसत नाही. 'मराठा' हाती घेणाऱ्यास ठाऊक असे की हे समितीचे पत्र आहे.

त्या समितीचा प्रकार आणखी एका कारणासाठी पाहण्यासारखा आहे. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात ती स्थापन झाली तेव्हा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एकत्र आले. एकत्र येण्याचे कारण एका वाक्यात सांगता येत होते, आणि ते वाक्य गिरणीतल्या बदली कामगारालाही पाठ होते. म्हणून ती युती लोकांची झाली. तरी तिचा आवाज सगळीकडे सारखा पोहोचला नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरघोस मते दिली. पण विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात ह्यांच्या बळावर काँग्रेसने ३९६ पैकी २३४ जागा मिळवून सत्ता राखली. विदर्भाचे मन त्या वेळी निराळे होते हे खरे. तेवढेच हेही खरे की मुंबईचा छापखाना आणि वऱ्हाडचा छापखाना दोन निरनिराळे देश दाखवीत होते.

ह्यानंतरचा काळ आपण सर्वांनी पाहिलेला आहे. पूर्वी पत्राचा मालक उघड पक्षाचा असे. पुढे बातमीच विकावयास निघाली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी, एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणविणाऱ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर शब्दशः छापून आला. पी. साईनाथ ह्यांनी ते उघडकीस आणले. जाहिरात असल्याचे त्यावर कोठेही लिहिलेले नव्हते. मुख्यमंत्र्यांच्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी दाखविलेली रक्कम होती ५,३७९ रुपये! न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की आरोप त्यांनी नाकारला, आणि २०१४ साली निवडणूक आयोगाची कारवाई दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली. प्रेस कौन्सिलने दोघांची उपसमिती नेमली. तिने २०१० मध्ये नावानिशी सविस्तर अहवाल दिला. तो अहवाल कौन्सिलने आधी पूर्ण प्रसिद्धच केला नाही. माहिती अधिकाराखाली आदेश झाल्यावर २०११ मध्ये तो बाहेर आला. वृत्तपत्रांच्या वागणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेलाही आपले फाटक लावून घ्यावेसे वाटले, ह्याहून अधिक काय सांगावे?

आणि वाटाघाटीच्या खोलीचे म्हणाल, तर २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ आठवा. त्या सकाळी घरोघर आलेल्या वर्तमानपत्रांत उद्धव ठाकरे ह्यांच्या नावावर एकमत झाल्याचे मथळे होते. चहा घेऊन आपण ते वाचावयास बसलो, तोवर दूरदर्शन संचावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार ह्यांचा शपथविधी चालू होता. ते सरकार २६ तारखेला गेले आणि २८ तारखेला ठाकरे ह्यांनी शपथ घेतली. पुढे २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. कोण बरोबर, कोण चूक, हे सांगावयास मी येथे उभा नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्यांनी उन्हात रांग लावून मत दिले, त्यांनी ते कोणत्या युतीला दिले होते हे त्यांना नंतर ओळखता येईना. ह्या सर्व फिरवाफिरवीत कोणत्या अटीवर कोण कोणाकडे गेला, हे कागदावर लिहून मतदारांपुढे आधी कोणी ठेवले?

दुसऱ्याला दोष देणे सोपे असते. मी स्वतः काय केले तेही सांगितले पाहिजे, नाही तर ह्या व्यासपीठावर उभे राहण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या संपानंतर काही वर्षांनी एका निवडणुकीत एका उमेदवाराने मला बोलावून घेतले. नाव सांगत नाही, कारण चूक माझी आहे. त्याने शब्द दिला: हमालांना शेड, विमा, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे नोंदणी. मी पाठिंबा दिला. कोठे दिला? त्याच्या घरच्या खोलीत, सोफ्यावर बसून, तोंडी. सभासदांची सभा घेतली नाही. वाटले, आपलेच लोक आहेत, आपण सांगू तसे करतील. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात हारासह फोटो आला, आणि खाली, 'हमालांचा एकमुखी पाठिंबा'. आमच्या मोडलेल्या कंबरेला ज्या पानावर जागा मिळाली नव्हती, त्याच पानावर माझ्या फोटोला मिळाली. खरे सांगतो, मला बरे वाटले. मी ते कात्रण जपून ठेवले.

तो उमेदवार निवडून आला. वर्षभरात त्याच्या पक्षाची गाठ ज्यांच्याविरुद्ध आम्ही संप केला होता त्याच मंडळींशी पडली. शेड झाली नाही, नोंदणी झाली नाही. मी जाब विचारावयास गेलो, तर माझ्याजवळ दाखवावयास एक ओळ नव्हती. होते ते फक्त कात्रण. संध्याकाळी आवारात एका म्हाताऱ्या हमालाने मला विचारले, "बापू, ते एकमुखी म्हणते ना पेपरात, त्यात मुख कोणाचं व्हय?" मी उत्तर दिले नाही. मी त्या दिवशी स्वतःच फाटकावर बसलो होतो आणि माझ्याच माणसांना बाहेर ठेवले होते.

मित्रहो, आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि पुष्कळांना वाटते की फाटके आता मोडली. ज्याला त्याला बोलता येते, हे खरे आहे. पण तुमच्या फोनवर आधी काय दिसावे हे कोणी तरी ठरवितोच, आणि तो कोण हे तर मुळीच दिसत नाही. गटावर आलेला मजकूर कोणी लिहिला, कोणी पैसे दिले, ह्याचा थांग नाही. पूर्वी निदान वार्ताहराच्या घरी जाऊन भांडता येत असे.

त्या वार्ताहराविषयीही एक शब्द. तालुक्याच्या गावी बातमी देणारा माणूस पुष्कळदा जाहिरातही गोळा करतो, आणि त्याची चूल बातमीपेक्षा जाहिरातीच्या टक्क्यांवर पेटते. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली वेगळा कायदा झाला, पण गावोगावच्या ह्या मानधनी माणसापर्यंत त्याचा हात क्वचितच पोहोचला. ज्याच्याकडून तो पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात घेतो, त्याच्याविरुद्ध त्याने लिहावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? त्यालाही आपल्यासारखाच कामगार समजून त्याच्या मजुरीसाठी बोलले पाहिजे. तो पोटाने मोकळा झाला तर पेनानेही होईल.

तेव्हा आपण काय करावयाचे? मला तीन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, प्रत्येक संघटनेने, प्रत्येक मोहल्ल्याने आपला फळा ठेवावा. तो खडूचा असो की फोनवरचा असो, त्यावर आकडे असावेत, आणि लिहिणाऱ्याचे नाव असावे. चुकले तर दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर दुरुस्ती असावी. दुसरी, बातमी वाचताना विचारावे की ह्यात कोण बोलला नाही. शेतकऱ्याच्या हालाची बातमी असेल तर हमाल कोठे आहे, आणि हमालाची असेल तर शेतकरी कोठे आहे? तिसरी, कोणाशीही हातमिळवणी करावयाची तर अटी कागदावर लिहाव्यात, आणि सही करण्यापूर्वी तो कागद सर्व सभासदांपुढे मोठ्याने वाचावा. आपला जिल्हा लोकसभेसाठी दोन मतदारसंघांत विभागलेला आहे. वाशीम आणि कारंजा यवतमाळकडे, रिसोड अकोल्याकडे. मते मागावयास दोन्हीकडून लोक येतील. त्यांना दोन्ही ठिकाणी हाच कागद दाखवावा.

आमच्या संघटनेत आता तसा नियम आहे. पाठिंब्याचा ठराव आवारात, दिवसाढवळ्या, वाचून मग हात वर करून होतो. ह्यामुळे आमचे दोन पाठिंबे हुकले, आणि काही पुढाऱ्यांनी आमच्याकडे येणे सोडले. आमची शेड अजून अर्धीच आहे. पण ती अर्धी का आहे आणि कोणाच्या सहीवाचून अडली आहे, हे आवारातला शेवटचा हमालही आज तुम्हांला सांगू शकेल. ते कात्रण मी फाडले नाही. नवा कार्यकर्ता आला की आधी ते त्याला वाचावयास देतो, आणि त्या म्हाताऱ्याचा प्रश्न त्याला विचारतो.